अमेरिका किती तास?

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी उभी हयात गेली. सातारा स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि "गाडी किती वाजता पोचंल?" या एकाच प्रश्नाला दिवसभर उत्तर द्यायचं, हे काम. निवृत्तीनंतर लेक न्यू जर्सीत, एडिसनला स्थायिक झाली, नातू झाला आणि आम्हा दोघांच्या तिकडच्या वाऱ्या सुरू झाल्या. आता गल्लीतले आणि पाहुण्यारावळ्यांतले विचारतात, "अण्णा, अमेरिका किती तास?" सोळा तास म्हणून मोकळं होता येतं. पण खिडकीतल्या माणसाला तेवढ्यावर भागवता येत नाही. पुण्याची गाडी अडीच तासांत जाते हे खरं, पण रविवारी संध्याकाळी नवले पुलावर काय होतं, तेही प्रवाशाला सांगावं लागतं.

मला नीट माहीत असलेला मार्ग एकच, मुंबई ते नेवार्क. नेवार्कचा विमानतळ न्यू जर्सीत आहे, न्यूयॉर्कला लागूनच. उदाहरणं सगळी याच मार्गाची देतो.

१. अंतर ग्लोबवर मोजावं, भिंतीवरच्या नकाशावर नाही

शाळेच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा. रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, मोरोक्को करत अटलांटिक महासागरात उतरते. आता नातवाचा ग्लोब घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड असा चढत जातो. मग ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाच्या लॅब्राडोरवर येऊन खाली उतरतो. सर्वांत वरच्या जागी तो आर्क्टिक वृत्तापासून जेमतेम दोन अंश खाली असतो. मुंबईच्या घामातून सुटून मुंबईइतक्याच उकाड्याच्या जुलैतल्या न्यू जर्सीला जायचं, तर वाट बर्फावरून!

पृथ्वीचे बरोबर दोन भाग करणारं वर्तुळ या दोन गावांतून काढलं, तर त्याचा जो तुकडा मिळतो तीच सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्‌वृत्त म्हणतात. तिची लांबी सुमारे १२,५४० किलोमीटर. इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं की येतो तो हाच आकडा. पण हे गणितातलं अंतर आहे. विमान प्रत्यक्षात एवढंच उडतं असं नाही. बहुतेक वेळा जास्तच उडतं.

हे अंतर फार का? पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे कुठल्याही दोन गावांमध्ये २०,००० पेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क ही नियमित विमानसेवा सुमारे १५,३०० किलोमीटरची आहे आणि ती अठरा तासांच्या वर हवेत असते. त्यापुढे आपला मार्ग मधलाच म्हणायचा.

२. आकडे तीन, अंतर एकच

विमानात खुर्चीसमोरच्या पडद्यावर कधी ७,७९० दिसतं, कधी १२,५४०, आणि वैमानिकांच्या कागदात ६,७७०. घाबरू नये. पहिले मैल, दुसरे किलोमीटर, तिसरे सागरी मैल. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो.

३. लांबची वाट लवकर पोचवू शकते

हे घाटातल्या ड्रायव्हरला पटकन कळतं, पण विमानाच्या बाबतीत लोक विसरतात.

जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशोबाने १२,५४० किलोमीटर चौदा तासांत व्हायला हवेत. जाताना सोळा लागतात आणि येताना तास-दीड तास कमी. कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. अमेरिकेला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. येताना समोरचा पडदा बघा, वेग अकराशेच्या पुढे गेलेला दिसतो. विमानाचं इंजिन तेच, ढकलणारा वेगळा.

याचं टोकाचं उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० चं. युरोपावर किआरा नावाचं वादळ घोंघावत असताना ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्याचा जमिनीसापेक्ष वेग एका वेळी ताशी १,३२७ किलोमीटर झाला होता. एरवी त्याच मार्गाला साडेसहा-सात तास धरतात.

आणि आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० झालं आणि वेळ घटली, कारण वारा पाठीशी आला. साडेचौदा तासांत विमान पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन लवकर पोचणं एसटीत कुणी सांगितलं असतं, तर मी त्याचं लॉगशीट तपासायला मागवलं असतं.

जाता जाता एक सांगतो. या वाऱ्यांचा अभ्यास पहिल्यांदा नीट केला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. जगभर वाचलं जावं म्हणून त्याने आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही.

४. वरचे रस्तेही बंद होतात

आकाशाला हद्दी असतात. कुठल्या देशाच्या डोक्यावरून जायचं, याची परवानगी लागते, पैसेही मोजावे लागतात. मनात आलं की तो देश दार लावून घेतो. ग्लोबवरचा दोरा ज्या देशांवरून गेला, त्यांची नावं पुन्हा वाचा. त्यांतले किती सध्या शांत आहेत?

बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केलं, आणि मग बंदीची मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली. सर्वांत जास्त फटका दिल्लीच्या विमानांना बसला. वळसा इतका पडला की उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघू शकतं, त्यामुळे आपल्याला झळ कमी. पण पुढे इराण आहे, इराक आहे. २३ जून २०२५ ला कतारचं आकाश काही तास बंद झालं, तेव्हा आखातात जाणारी किती तरी विमानं अर्ध्यातून माघारी फिरली.

रशियाचं वेगळंच. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पाश्चात्त्य कंपन्यांना रशियावरून उडता येईना. युनायटेडने त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई–नेवार्क विनाथांबा सेवा थांबवली. भारतीय कंपनीला मात्र रशियाची वाट मोकळी राहिली. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधला वेळ विमान कुणाच्या मालकीचं आहे यावर ठरायला लागला.

म्हणून माझा रिवाज असा: तिकीट काढताना दिसणारी वेळ ही त्या दिवसापुरती मानायची. निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणि पुन्हा आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर वेळ बघायची. भुसावळला रेल्वेचा खोळंबा झाला तर जळगावच्या माणसाला कळतं. तेहरानवरचं आकाश बंद झाल्याचं आपल्याला कोण सांगणार?

५. तिकिटावरच्या दोन वेळा दोन गावांच्या असतात

मुंबईहून रात्री दीडला निघालं आणि नेवार्कला सकाळी आठला पोचलं, तेही त्याच तारखेला. नवखा माणूस म्हणतो, साडेसहा तासच की! त्यात दोन गावांच्या घड्याळांतल्या फरकाचे साडेनऊ तास मिळवायचे, झाले सोळा. परतताना उलट. सकाळी साडेअकराला नेवार्कहून निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबईत. कागदावर चोवीस तास दिसतात, त्यातून साडेनऊ वजा केले की साडेचौदा उरतात.

हा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासाने पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपण घड्याळाला हात लावत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट तारखेची. "१५ तारखेचं रात्री दीडचं विमान" म्हणजे १४ तारखेला रात्री जेवून विमानतळावर बसायचं. १५ ला रात्री पोचलात तर विमान कधीच नेवार्कला उतरलेलं असेल. आमच्या स्टँडवर मध्यरात्रीनंतरच्या आरक्षणावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी सुट्ट्या पैशांवरूनही झाली नसतील. तिकीट हातात आलं की तारखेशेजारी वार लिहून ठेवा, आणि घरातून निघायची तारीख वेगळी लिहा.

६. छापील वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे

विमान गेटपासून सुटल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची वेळ तिकिटावर असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, उतरण्याआधी घातलेल्या घिरट्या आल्या. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. रात्रीच्या गर्दीत अर्धा तास जमिनीवरच जातो. कंपन्या हे धरूनच वेळ लावतात, वर थोडी सैलही ठेवतात. मग विमान वीस मिनिटं लवकर उतरतं आणि लोक टाळ्या वाजवतात. वेळापत्रक लावणारा मनातल्या मनात हसत असतो, हे मी खात्रीने सांगू शकतो.

७. थांब्याने अंतर फारसं वाढत नाही, वेळ वाढते

मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन–नेवार्क सुमारे ५,५५०. बेरीज १२,७५०. विनाथांबा अंतरापेक्षा दोनशे किलोमीटरच जास्त, म्हणजे विमानाला पंधरा मिनिटं. दुबई किंवा अबुधाबीवरून गेलं तर एकूण १३,००० च्या आसपास. वाढते ती मधल्या थांब्याची वेळ. दोन तास मिळाले तर धावपळ, नऊ तास मिळाले तर खुर्चीवर पाठ आखडते. साठीच्या पुढच्यांना साडेतीन-चार तासांचा थांबा बरा. पाय मोकळे होतात, गरम काही पोटात जातं, औषधं घेता येतात.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. यावर माझं मत पक्कं आहे आणि कुणी स्वस्ताईचा हिशोब मांडला तरी ते बदलणार नाही. एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. दोन वेगळी तिकिटं जोडलीत, तर पुढचं विमान गेलं की तिकीट गेलं. सामानही मधे सोडवून पुन्हा चढवावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अमेरिकेत आतल्या गावी, समजा डॅलसला, जायचं असेल तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं. त्यालाच दीड-दोन तास धरा. येताना दिल्लीवरून पुणे केलंत तर सहसा दिल्लीत तसंच.

अबुधाबीची एक सोय आम्हा दोघांना फार मानवली. तिथे २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधीच होते. विमान न्यूयॉर्कला उतरलं की आपण मुंबईहून पुण्याला आल्यासारखे सरळ बाहेर. चौदा तासांच्या प्रवासाने डोकं जड झालेलं असताना गोऱ्या साहेबाच्या प्रश्नांना उत्तरं देण्यापेक्षा, तीन तासांच्या प्रवासानंतर ताज्या डोक्याने दिलेली बरी. मात्र त्या तपासणीसाठी थांबा मोठा हवा.

माझा कौल: जाताना थांबा घेऊन, येताना विनाथांबा. जाताना वारा तोंडावर असतो, प्रवास लांबतो आणि पलीकडे तपासणी असते. येताना वारा मदतीला असतो, आणि मुंबईत उतरलं की भाषा आपली.

व्हीलचेअरबद्दल लोक नाकं मुरडतात. "चालता येतं आणि खुर्ची मागतात!" गुडघे दुखत असतील, रांगेत तासभर उभं राहवत नसेल, तर जरूर मागावी. नुसती रांग चुकवायला मागू नये. ज्याला खरी गरज आहे तो मागे राहतो.

८. घरापासून घरापर्यंत मोजा

आता खरं उत्तर. विनाथांबा जायचं तर रात्री दीडच्या विमानासाठी मी साताऱ्यातून दुपारी दीडला निघतो. अडीचशेहून थोडे जास्त किलोमीटर. खंबाटकी, कात्रज-नवले पूल, बोरघाट, वाशीचा पूल, या चारांपैकी एक जण तरी अडवतोच; शुक्रवारी संध्याकाळी चारही. रात्री आठला विमानतळ. सामान देणं, सुरक्षा, इमिग्रेशन, मग वाट बघणं. दीडला उड्डाण, सोळा तास. पलीकडे तपासणी आणि सामान दीड तास, जावयाच्या गाडीतून एडिसनपर्यंत पाऊण तास. दाराला कुलूप लावल्यापासून नातवाने दार उघडेपर्यंत तीस तास होतात. त्यातले साडेबारा हजार किलोमीटर सोळा तासांत, आणि सातारा ते विमानातली खुर्ची हे अडीचशे किलोमीटर बारा तासांत.

विदर्भातल्या, कोकणातल्या माणसाने आपापले तास यात घालावेत. आणि आता विमानतळही दोन आहेत. नवी मुंबईचा २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झाला. तिकिटावर कुठल्या विमानतळाचं नाव आहे, ते गाडीवाल्याला सांगण्याआधी वाचा.

९. सोळा तास म्हणजे कळसूबाईच्याही वर बसून राहणं

विमान अकरा किलोमीटरवर असलं तरी आतली हवा दाबून ठेवलेली असते. तरी ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते. जुन्या विमानांत २,४०० मीटर उंचीवर असते तेवढी, बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० मध्ये १,८०० मीटरवर असते तेवढी. कळसूबाई १,६४६ मीटर. दमेकरी, हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. हवा कोरडीही असते, म्हणून पाणी सतत घोटभर.

पायांत रक्त गोठण्याची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की हा धोका दुपटीने वाढतो. तरीही निरोगी माणसांत तो सहा हजारांत एकाला, एवढाच. दर दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून यावं. त्यासाठी मार्गिकेकडची खुर्ची घ्या. खिडकीतून सोळा तास ढगच दिसतात.

मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. कुठल्या घड्याळाने घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. दहा तासांच्या फरकात एक डोस गळतो किंवा दुप्पट होतो. झोपेचं म्हणाल तर एका तासाच्या फरकाला एक दिवस, असा ढोबळ हिशोब. अमेरिकेहून पूर्वेकडे परतल्यावर तो जास्त जड जातो. साताऱ्यात परतल्यावर आठवडाभर कुणाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊ नये, दुपारी पंगतीत डोळा लागतो.

तिकडून तिकीट काढणाऱ्या मुलामुलींना शेवटी एवढंच सांगणं आहे. वेबसाइटवर सर्वांत कमी तास आणि सर्वांत कमी डॉलर बघून बटण दाबू नका. आधी आईवडिलांना फोन करा, घरातून किती वाजता निघावं लागेल आणि मधे कुठे किती वेळ बसावं लागेल हे त्यांच्याबरोबर कागदावर मांडा, आणि पन्नास-शंभर डॉलर जास्त गेले तरी दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या.